ओढ्यातून आणलेला देव

लग्न होऊन मी तामलवाडीच्या त्या घरात आले, तेव्हा आजेसासऱ्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न स्वयंपाकाचा नव्हता आणि माहेरचाही नव्हता. पाया पडून मी वर बघते तर गुरुसिद्धप्पा म्हणाले, "पोरी, देव हाय असं तुला कवापासनं वाटाय लागलं?" मी नवी नवरी, पदर सावरू लागले. सासूबाई हसून म्हणाल्या, "घाबरू नको, ते समद्यांनाच इचारत्यात."

मला मात्र राग आला होता. हा काय विचारायचा प्रश्न झाला? देव आहे की नाही यावर वाद घालणारी माणसं मी पाहिली होती, आणि वाद घालताना ती दुसऱ्याचं ऐकत नसत हेही पाहिलं होतं. गुरुसिद्धप्पा त्यातले नव्हते, हे कळायला मला बरेच दिवस लागले. ते विचारत आणि गप्प बसून ऐकत. निजामाच्या अमलात, ऐन तारुण्यात त्यांना ही खोड लागली ती कायमची.

गावात त्यांचं किराणा दुकान होतं. गाव निजामाच्या हद्दीत, सोलापूर इंग्रजांच्या, आणि मध्ये करोडगिरीचा नाका. जकात भरून माल आणायचा, गूळ-मीठ जोखायचं आणि जोखता जोखता गिऱ्हाइकाला गाठायचं. कोंडीराम नावाचा शेतकरी त्यांचा मित्र. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "पेरताना वाटतं, देव हाय. मळणीला ध्यानात ऱ्हात न्हाय." कमलबाई तुळजापूरच्या देवीची परडी घेऊन दारोदार फिरायची, तिच्या अंगात यायचं. तिचं उत्तर गुरुसिद्धप्पांना फार आवडलं होतं. "देवी येती तवा मी नसते, अप्पा. मी नसताना कोण आलं, ते मला कसं ठावं?" नाक्यावरच्या म्हाताऱ्या शिपायालाही त्यांनी सोडलं नाही. तो म्हणाला, "अंधेरे में बात करे तो कोई सुनरा सरीका लगता, सेठ. मेरेकू बस इत्ताच मालूम."

हे सगळं ते मला सांगत तेव्हा त्यांचे डोळे लकाकत. कुणाचंच उत्तर त्यांनी खोडून काढलेलं नव्हतं. त्यांना स्वतःला मात्र देव आहे असं कधी वाटलंच नाही. नाही असंही छातीठोकपणे म्हणत नसत, पण कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, "मला तर अजून गावला न्हाय."

आता आमच्या वीरशैव घरात देव गावायला लांब जावं लागत नाही. तो गळ्यातच असतो. लहानपणी गुरू प्रत्येकाला एक लिंग देतो. लहानसं, काळं, तुळतुळीत, चांदीच्या डबीत ठेवून गळ्यात बांधलेलं. रोज ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, त्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. ते ज्याचं त्याचं असतं. गुरुसिद्धप्पाही रोज पूजेला बसत, कारण त्याशिवाय शांताक्का ताट वाढत नसे. डबी उघडली की लिंगाकडे बघून ते हळूच विचारत, "हाईस का?" उत्तर आलं नाही की भस्म लावून जेवायला बसत.

शांताक्का ही त्यांची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, माहेरी परत आली, आणि वर्षभरात आईही गेली. तेव्हा गुरुसिद्धप्पा रांगत होते. आईची आठवण म्हणून त्यांच्याकडे जे काही होतं ते सगळं अक्काचं होतं. तिलाही त्यांनी तो प्रश्न विचारून पाहिला होता. अक्का म्हणाली, "सिद्या, भाकरी अजून एक घालू का, तेवढं सांग."

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं सोलापूरच्या हद्दीत निघून गेली होती. आमच्या घराण्याला लिंग देणारे जंगम स्वामीही बायकापोरं घेऊन तिकडे गेले होते. अशा दिवसांत अक्का सकाळी आडावर पाणी शेंदायला गेली. गळ्यातला दोरा जुना झालेला. ओणवी झाली, दोरा तुटला आणि डबी पाण्यात गेली. तिला ते कळलंसुद्धा नाही. घरी येऊन, आंघोळ करून पूजेला बसली, गळ्याला हात लावला आणि तशीच बसून राहिली.

कोंडीराम आडात उतरला. गाळ उपसून त्यानं एक तांब्या, दोन फुटक्या घागरी आणि कुणाची तरी पैंजणाची कडी वर काढली. डबी मिळाली नाही.

अक्कानं पाणी सोडलं. रडली नाही, कुणाला दोष दिला नाही. लिंग गेलं तर मागं जगायचं नाही, असं पूर्वीची माणसं म्हणत. ती तेही बोलली नाही. फक्त भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "लिंगाशिवाय घोट कसा घेऊ?" स्वामींना निरोप धाडला. उत्तर आलं, रस्ते उघडले की येतो. स्वामींचं चुकलं असं मी म्हणत नाही, जीव त्यांनाही होता. पण हे सांगताना आजही माझं डोकं तापतं.

गुरुसिद्धप्पांनी आपल्या गळ्यातली डबी काढून तिच्यापुढं धरली. "माझं घे. मला त्याचा कुठं उपयोग हाय?"

"उसनं घ्यायला ते मीठ हाय व्हय?" अक्का म्हणाली. "घाल गळ्यात."

त्यांची बायको उमाबाई रडून थकली. दुसऱ्या दिवशी अक्काची जीभ कोरडी पडली, शब्द नीट उमटेनात. उन्हाळा कडक. ती किती काळ तग धरणार हे सांगायला वैद्य नको होता. गुरुसिद्धप्पा दुपारी उठले आणि कोरड्या ओढ्यात गेले.

ही गोष्ट सांगताना ते नेहमी इथं थांबत आणि मला विचारत, "सांग बरं, मी काय केलं असंल?" मी म्हणायची, धोंडा उचलला असेल. ते मान हलवत. "उचलला न्हाय. निवडत बसलो." एक धोंडा घ्यायचा, हा ओबडधोबड म्हणून टाकायचा. दुसरा, हा फार बारीक. तिसऱ्याला चीर गेलेली. आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. ज्याला कुठल्याच धोंड्यात देव दिसत नाही, तो यातला कुठला धोंडा देव व्हायला चांगला ते ठरवत उन्हात बसला होता! शेवटी एक मिळाला. तो त्यांनी खडकावर घासला, एरंडेल आणि काजळी चोळून काळा केला. घरी येताना त्यांच्या लक्षात आलं की तो आपण दोन्ही हातांत धरलाय आणि कुठंही खाली ठेवलेला नाही. याचं कारण त्यांना आयुष्यभर सांगता आलं नाही. मी पुष्कळदा विचारलं.

"अक्का, गावलं बघ. आडाच्या कपारीत हुतं. डबी तेवढी ग्येली," असं म्हणून त्यांनी तो तिच्या डाव्या तळहातावर ठेवला.

अक्कानं डोळे मिटले. मूठ अर्धी मिटली, उघडली. "हे माझं न्हाय."

"तुझंच हाय. गाळात बसून—"

"चाळीस वर्सं ह्या हातावर घेतलंय, सिद्या. खोटं बोलू नको. कुठनं आणलंस?"

"वढ्यातनं."

उमाबाईंनी कपाळावर हात मारला. सगळं संपलं असंच त्यांना वाटलं. अक्का मात्र रागावली नाही. भावाकडं नवलानं बघत राहिली. देवाविषयी प्रश्न गुरुसिद्धप्पांनीच विचारायचे, ही त्या घरातली वहिवाट मोडून त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्यांना प्रश्न विचारला. "तुला तर देव गावला न्हाय म्हणतोस. मग मला का आणून दिलास?"

"तू मरशील म्हणून."

"मरंना का. तुला काय पायजे?"

"मला तू पायजेस," गुरुसिद्धप्पा म्हणाले आणि बायकोसमोर लहान पोरासारखे रडले.

 धोंडा अक्काच्या तळहातावरच होता, तिनं तो खाली ठेवला नव्हता. मग म्हणाली, "समदी लिंगं धोंड्याचीच. गुरूनं हातावर दिली की लिंग हुत्यात. ह्यो तू आणलास. आता तूच दे."

"मी? अगं, मी मानत न्हाय."

"तू मानतोस का, ते म्या इचारलं न्हाय. देशील का, ते सांग."

"मंत्र म्हणीन. पण तो खोटा हुईल."

"जे मनात हाय ते मनात धर आन् म्हण. मग कसा खोटा हुईल?"

 देव आहे का, हे गुरुसिद्धप्पांना ठाऊक नव्हतं. मनात काय आहे, हे मात्र स्वच्छ ठाऊक होतं. अक्का जगली पाहिजे, यापलीकडं तिथं काहीच नव्हतं. त्यांनी हातपाय धुतले. तिच्या कपाळाला भस्म लावलं, लिंग तिच्या हातावरून उचलून पुन्हा हातावर ठेवलं आणि तिच्या कानाशी वाकून 'नमः शिवाय' म्हणाले. ते मला सांगत, "पोरी, इतक्या मनापासनं मी काहीच बोललो न्हाय. तुझ्या आजेसासूला मागणी घालतानासुदिक न्हाय." उमाबाई तिथंच असल्या तर नाक मुरडत.

अक्कानं पूजा केली. तीर्थ घेतलं. उमाबाईंनी ज्वारीची अंबील पातळ करून आणली, तर ती वाटी बाजूला सारून अक्का आधी पुढं वाकली आणि तिनं गुरुसिद्धप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते दचकून मागं सरले. "अक्का, हे काय करतीस?"

मग ती अंबील प्याली. सगळी प्याली. वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "अप्पा, तुमी बी कालपासनं उपाशी हाईत. जेवून घ्या."

सुटकेच्या आनंदात ते 'तुमी' त्यांनी कानाआड केलं. अशक्तपणात बोलली असेल, असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. "तुमी दुकान उघडलं का, अप्पा?" ते बसल्याशिवाय ती बसेना. ताट वाढताना, रांगत्या वयापासून ज्याचं नाक पुसलं त्याच्यासमोर, मान खाली घालून उभी राहू लागली. ते चिडले, हसले, ओरडले. काही उपयोग झाला नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस निजामाचं राज्य गेलं, रस्ते उघडले आणि स्वामी परत आले. ते आले त्याच दिवशी गुरुसिद्धप्पा मठात जाऊन त्यांच्या पाया पडले. गावाला आश्चर्य वाटलं. लोक म्हणाले, अखेर आला वळणावर. ते वळणावर वगैरे आले नव्हते. अक्काला आता खरं लिंग द्या, मी दिलेलं खोटं आहे हे तिला सांगा, अशी विनवणी करायला गेले होते. ज्यांनी गुरूपण कधी मागितलं नव्हतं, ते आता ते उतरवून द्यायला धडपडत होते.

स्वामी घरी आले, नवं लिंग घेऊन. अक्कानं त्यांना पाट दिला, पाद्यपूजा केली. सगळं ऐकून घेतलं. मग गळ्यातल्या नव्या डबीवर हात ठेवून म्हणाली, "मला मिळालंय, स्वामी. माझे गुरू घरातच हाईत."

स्वामी सज्जन होते, त्यांनी आग्रह केला नाही. ते गेल्यावर गुरुसिद्धप्पा चुलीपाशी तिच्याजवळ जाऊन बसले.

"अक्का, एकदा सिद्या म्हण की. एकदाच."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, हे त्यांनी मला प्रत्येक वेळी सांगितलं.

"गुरूला नावानं हाक मारत न्हाईत, अप्पा," ती म्हणाली आणि डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढून घेतला.