माईक नसलेलं वर्ष

मी व्याख्यानं देऊन जगणारा माणूस. गोंदियातली शिक्षकाची नोकरी सोडून या धंद्यात पडलो, आणि विमा कंपन्यांच्या, खतविक्रेत्यांच्या मेळाव्यांत यश, ध्येय, आत्मविश्वास यांवर बोलत हिंडू लागलो. आज नागपूर, उद्या रायपूर. हॉटेलचा गार हॉल, टाय लावलेली माणसं, आणि माझाच आवाज भिंतींवरून परत माझ्याकडे येणारा. ते दिवस आता तलावाच्या तळाशी दिसणाऱ्या खड्यांसारखे आठवतात, जवळ वाटणारे आणि हलणारे.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर फोन येणं कमी झालं. दरवर्षी मला बोलावणारे एका विमा कंपनीचे साहेब हळहळत म्हणाले की मंदीमुळे मेळावेच बंद झालेत, वक्त्याला बोलावू कुठे? खतवाल्यांनी तर फोन उचलणंही सोडलं. जानेवारीत डायरीची पानं कोरीच राहिली. सकाळी मी धुक्यात शहराबाहेर चालत सुटायचो. धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पांढुरक्या उजेडात पसरलेल्या असायच्या, आणि मी चालता चालता, समोर कुणी नसताना, मनातल्या मनात भाषणं करायचो. बायको शाळेत शिकवत होती म्हणून घर चालत होतं. तिनं कधी काही विचारलं नाही. ते न विचारणंच मला जड जायचं.

अशात जवळच्या कामठा गावातली एक अंगणवाडी सेविका घरी आली. त्यांच्या बचत गटातल्या बायकांसमोर मी बोलावं अशी तिची इच्छा होती. तिथे माईक नाही, स्टेज नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं. मला नाही म्हणायला कारण नव्हतं.

दुपारी गावच्या बुद्धविहारात सतरंजीवर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. खिडकीतून ऊन आत येत होतं, त्यात धूळ संथपणे तरंगत होती. मी माझं ठरलेलं भाषण केलं, डोंगर चढणाऱ्या माणसाच्या गोष्टीसकट. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. टाळ्याही वाजवल्या. मग मागे बसलेली साठीतली एक बाई म्हणाली, "भाऊ, तुमी चांगलं बोलून राहिले. पण आमी कायले आयकावं? ग्रामसभेत उभं राहिलं का माहं तोंडच उघडत नाही. तेवढं शिकवता येते का?"

इतकी वर्षं मी लोकांसमोर बोलत आलो होतो, पण समोरच्याला बोलतं करायचं असतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो, या वेळी भाषण न घेता. एकेकीला उभं केलं. स्वतःचं नाव सांगा, मग काय हवं ते एका वाक्यात सांगा, एवढंच. पहिल्या दिवशी त्या बाईचा आवाज फुटेना. तिसऱ्या शनिवारी तिनं भिंतीकडे बघत सांगितलं की टोलीवरची, म्हणजे त्यांच्या वस्तीतली, बोरिंग कित्येक दिवस बंद आहे, आणि बायका शेतातून पाणी आणतात. मी तिला म्हटलं, हेच बोला, फक्त तोंड आमच्याकडे करा.

ग्रामसभेला मी दाराशी उभा होतो. ती उठली तेव्हा तिच्या हाताची बोटं पदरात गुंतलेली होती. तिनं नाव सांगितलं, बोरिंगचं सांगितलं, आणि दुरुस्ती कधी होणार ते विचारून उभीच राहिली. उत्तर मिळाल्याशिवाय ती बसली नाही. ग्रामसेवकानं तारीख लिहून घेतली. बाहेर आल्यावर तिनं पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "माहा आवाज मलेच आयकू आला." बोरिंग दुरुस्त व्हायला तारखेहून पंधरा दिवस जास्त लागले, पण झाली.

तिथून माझं कामच बदललं. दुसरे गट बोलावू लागले. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका कॉलेजनं मुलामुलींना मुलाखतीसाठी तयार करायचं काम दिलं. मिळकत पूर्वीसारखी नव्हती, पण डायरीत पुन्हा अक्षरं दिसू लागली. एसटीच्या खिडकीशी बसून जाताना दोन्हीकडे धानाची रोवणी झालेली हिरवी शेतं सरकत राहायची, आणि आपल्याला कुठे उतरायचं आहे हेच कधीकधी विसरून जायचो.

पुढल्या वर्षी विमा कंपनीच्या साहेबांचा फोन आला. मेळावा पुन्हा भरणार होता. मी म्हणालो, येतो, पण एका वेळी वीसच माणसं द्या, आणि बोलतील ती. साहेब विचारून सांगतो म्हणाले. त्यांनी विचारायला महिना घेतला आणि शेवटी हो म्हणाले. खतवाल्यांना हे काही पटलं नाही. त्यांनी दुसरा वक्ता शोधला.

कामठ्याचे शनिवार मी नंतर सोडले. आता ते ती बाईच घेते, असं अंगणवाडी सेविकेनं मला एकदा बाजारात सांगितलं. नवीन बायकांना ती म्हणे आधी भिंतीकडे तोंड करूनच बोलायला लावते.