नागरेसाहेबांचं नाव

कोर्टात स्टेनो म्हणून हयात गेली. साक्षी फायलींत राहिल्या, किस्से डोक्यात साठले. पूर्वी चहावर सांगायचो. आता ऐकायला कुणी सापडत नाही, म्हणून लिहितो. सगळे आमच्या जज्जसाहेबांचे, नागरेसाहेबांचे.

* * *

रशीदभाई आमचे पट्टेवाले. दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायचे. कुणी आलं नाही की दावा काढून टाकायचा, ही रीत. साहेब मात्र म्हणायचे, "अजून एकदा पुकारा. गंगापूरची गाडी लेट असंल."

एकदा समोरचे वकील वैतागले, "साहेब, पक्षकार इथलाच, गावातल्या शहागंजचा आहे!"

"मग तर ट्रॅफिक असंल," साहेब म्हणाले.

* * *

जज्जानं वकिलांत मिसळू नये, हे साहेबांनी जरा जास्तच पाळलं. घरच्या बाईसाहेब वारल्यावर डबा चेंबरमध्ये एकटेच खायचे. एकदा मला बोलावलं. निकाल सांगणार म्हणून मी पेन्सिल काढली.

"ते ठेवा. आज तुमच्या डब्यात काय हाय?"

वांग्याची भाजी, म्हटलं.

"बरं. या आता."

दुसऱ्या दिवसापासून मी भाजी जास्तीची नेऊ लागलो. साहेबांनी एकदाही घेतली नाही. विचारली मात्र रोज!

* * *

रिटायर झाल्यावर साहेबांचा रोज सकाळी अकराला फोन. आज बोर्डावर किती मॅटर? मीही तोवर रिटायर झालो होतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मी सांगायचो, लई हायेत, संध्याकाळ होईल. साहेब खूश व्हायचे.

साहेब गेले. आता अकरा वाजले की मला घरात करमत नाही.

* * *

कोर्टाच्या आवारात पक्षकारांना बसायला नवी इमारत झाली. तिला साहेबांचं नाव द्यायचं ठरलं. कमिटी अडली ती शालीवर. साहेबांना मूलबाळ नाही, मग शाल द्यायची कुणाला? शेवटी शेंद्र्याला राहणारा त्यांचा एक पुतण्या सापडला. येतो म्हणाला.

* * *

कार्यक्रमाला हॉल भरला. सूत्रसंचालकानं माईकवरून साहेबांच्या कुटुंबीयांना मंचावर बोलावलं. कुणी उठलं नाही. पुन्हा बोलावलं. पुतण्या आलाच नव्हता. 

"ठीक आहे, पुढं जाऊ," सूत्रसंचालक म्हणाला.

मागच्या रांगेतून रशीदभाई काठी टेकत उठले.

"थांबा. अजून एकदा पुकारा."

सूत्रसंचालक गोंधळला. मग रशीदभाईच दाराकडं वळले आणि त्यांनी जुन्या आवाजात पुकारा केला, "नागरेसाहेबांचं कुणी हाय का?"

सगळा हॉल दाराकडं बघू लागला.

मी उठलो.

"हजर," म्हणालो.