मामीनं शिवलेलं हृदय

माझ्या मामीच्या शिवणाच्या दुकानात खुर्च्या दोनच होत्या. एक गिऱ्हाइकाची, दुसरी मामांची. निवृत्त झाल्यापासून मामा सकाळी तासभर तिथं डोळे मिटून ध्यानाला बसायचे आणि उरलेला दिवस इस्त्री करायचे. "इस्त्री करताना तरी डोळे उघडे ठेवतात," मामी म्हणायची, "माझं तेवढ्यावर भागतं."

एके दिवशी वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या मॅडम दुकानात आल्या. त्यांच्या वर्गातलं प्लॅस्टरचं हृदय विद्यार्थ्यांच्या हातून पडून फुटलं होतं, आणि ही तिसरी वेळ होती.

"कापडाचं शिवून द्याल का? पडलं तरी चालेल असं. फक्त उघडून आत बघता आलं पाहिजे."

मामीला वाटलं, हातचा मळ. तिनं खडूनं वर दोन अर्धगोल आणि खाली टोक, असा झोकात आकार काढला. मॅडम हसल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टरचे तुकडे काढून टेबलावर जुळवून दाखवले.

"इतकं वाकडं?" मामी म्हणाली. "पडल्यामुळं झालं का हो?"

"नाही, असंच असतं. सगळ्यांचं."

"माझंपण?"

"तुमचंपण."

मामीला ते जरा लागलंच. डावी-उजवी बाजू सूतभरसुद्धा इकडची तिकडे होऊ न देण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

मग आठ दिवस ती त्या तुकड्यांना टेप लावत बसली. सरळ रेघ म्हणून कुठं सापडेना. गोलाईसाठी टक्स घातले तर चुण्या पडायच्या. पहिलं हृदय वांग्यासारखं झालं, दुसरं मोज्यासारखं.

"तू बाहेरून मापं घेतेस, तिथंच चुकतं," मामा खुर्चीतून म्हणाले. "हृदयात आत एक जागा असते. रिकामी, शांत. मी रोज तिथंच जाऊन बसतो."

"किती इंच?"

"तिला माप नसतं गं."

"माप नसलेलं मी शिवत नाही. आणि उठा, कापडावर बसलात."

नवव्या दिवशी मोज्याची शिवण उसवताना उरेब, म्हणजे तिरकी कापलेली एक लांब पट्टी मामीच्या हातात आली. सहज पिळून सोडली, तर पट्टी आपोआप स्वतःभोवती गुंडाळली गेली. मामी बघतच राहिली. मग तिनं वीतभर रुंद पट्टी कापली, पीळ देऊन ती तिच्याच अंगावर दुमडली, आणि खालचे दोन्ही कप्पे एकदमच तयार झाले. वरचे दोन कप्पे टोपीसारखे, उघडता येतील असे जोडले. हृदय दाबून सोडलं की ते किंचित वळत फुगायचं.

मॅडमना तिनं निरोप धाडला. त्यांनी ते चारदा दाबून पाहिलं.

"खरं हृदयही असंच पिळलं जातं," त्या म्हणाल्या. "ओला कपडा पिळावा तसं. काही जण तर म्हणतात, हृदयाचा स्नायू म्हणजे एकच लांब पट्टा आहे. त्यावरून आमच्यात वाद आहेत."

"त्यांना म्हणावं, एकदा शिवून बघा," मामी म्हणाली.

अस्तर लावायचं बाकी होतं. त्या दुपारी खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीच्या अस्तरात तिनं अंगठा मावेल एवढी रिकामी पिशवी ठेवली आणि हृदय मामांपुढं धरलं.

"ही घ्या तुमची जागा."

मामांनी आत बोट घालून पाहिलं. "लहान झाली."

"बसणारे तुम्ही एकटेच ना?"

मामांनी ते हृदय दोन्ही हातांनी घेतलं आणि इस्त्रीपासून लांब, जपून ठेवलं.

परीक्षा संपल्यावर मॅडम ते हृदय घेऊन पुन्हा आल्या. चेहरा गंभीर. बाहेरगावच्या परीक्षकांनी त्या पिशवीत बोट घालून एका मुलीला विचारलं होतं, हे काय? मुलगी क्षणभरही अडखळली नाही. रक्तदाब वाढला की जास्तीचं रक्त इथं थांबतं, म्हणाली. परीक्षकांनी मान डोलावली आणि पूर्ण गुण दिले.

"आता मला सांगा, ते आहे काय?"

मामीनं मामांकडे बोट दाखवलं. मामांनी डोळे मिटून अर्धा तास सांगितलं. मॅडमचा चहा गार झाला, तरी त्या उठल्या नाहीत.

"काढून टाकू का?" शेवटी मामीनं विचारलं.

मॅडमनी हृदय हातात घेऊन पिशवीत बोट घातलं. "नको, राहू दे. फक्त वर एक बटण लावा. परीक्षेच्या दिवशी बंद करता येईल."

मामीनं बटणांचा डबा जमिनीवर उपडा केला. मामा खुर्चीतून उतरून तिच्याशेजारी बसले आणि लाल बटणं वेगळी काढू लागले.