रिकामं पातेलं

वकिलीच्या पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त राग यायचा तो 'इरादा' या शब्दाचा. गुन्ह्याला दोन गोष्टी लागतात, असं कॉलेजात घोकून घेतलं होतं: हातून घडलेली कृती आणि मनातला वाईट हेतू. एकाला दुसऱ्याची जोड नसेल तर सहसा गुन्हा होत नाही. कृती दिसते हो, पण मन कुणी पाहिलंय? गारखेड्याहून लूनावर कोर्टात जाताना मी स्वतःशीच भांडत असे.

अशात दौलताबादच्या एक मावशी केस घेऊन माझ्याकडे आल्या. किल्ल्याखाली सीताफळं विकायच्या. शेजारणीनं आपल्या नातवाच्या बारशाला पितळी पातेलं भरून गोडाचं पाठवलं होतं, ते मावशींनी परतच केलं नाही. मागितलं की "देते, देते." शेवटी शेजारीण चिडली आणि पातेलं लाटल्याची फिर्याद घेऊन थेट कोर्टात गेली.

मावशींना शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळणार होतं. भांडी लाटणारीला शाळेच्या स्वयंपाकघरात कोण घेणार? केस हरली तर काम गेलंच.

"पण दिलं का नाही?" मी खेकसलेच.

"रिकामं कसं देऊ, ताई? सीताफळं संपली व्हती. म्हटलं, झाडाला नवा बार आला की फळांनी भरून देईन."

"चिमूटभर साखर टाकायची!"

"तिनं काठोकाठ भरून धाडलं, अन् मी चिमूटभर?"

मी कपाळावर हात मारला. मग पातेलं कोर्टात जमा करायला लावलं. मावशींनी ते इतकं लखलखीत घासून आणलं की कारकुनानं त्यात भांग नीट केला.

साक्षीच्या दिवशी शेजारीण पिंजऱ्यात तावातावानं बोलली. उलटतपासात मी कायद्याची पुस्तकं मिटून ठेवली.

"तुमच्याकडे कुणाचं भांडं आलं, तर परत कसं देता?"

"काहीतरी घालून. रिकामं कुणी देतं का वो?"

"आणि घरात घालायजोगं काही नसलं तर?"

"तर थांबायचं. मागाया आलं तर 'देते' म्हनायचं. लई लाज वाटती तवा..."

बोलता बोलता ती थबकली. समोर उभ्या मावशींकडे तिनं पाहिलं. मावशी खाली बघत होत्या. पुढचे प्रश्न मी विचारलेच नाहीत.

"साहेब," ती न्यायाधीशांना म्हणाली, "मला नाय चालवायची केस."

तडजोडीला परवानगी मिळाली, मावशी निर्दोष सुटल्या. कागदपत्रं झाल्यावर पातेलं शेजारणीच्या हाती आलं. बाहेर व्हरांड्यात मावशींनी ते तिच्याकडून मागून घेतलं, आणि आपल्या पिशवीतली सीताफळं त्यात रचायला बसल्या. त्या हंगामाचा पहिला बार होता. पातेलं शिगोशीग भरल्यावरच त्यांनी ते पुढं केलं.

शेजारणीनं फळं आपल्या पिशवीत ओतून घेतली. एक मुद्दाम पातेल्याच्या तळाशी ठेवलं आणि पातेलं पुन्हा मावशींच्या हातात दिलं.

"असू दे तुझ्याकडं," ती म्हणाली. "शाळेत खिचडी वाढाया लागंल."