डावरे गुरुजी आणि सात रिकाम्या ओळी

आमच्याकडे डाव्या हातानं कुणाला काही दिलेलं चालत नाही. दुकानदारानं चुकून डाव्या हातानं पुडी पुढं केली तर म्हातारी माणसं ती घेत नाहीत, नुसती बघत उभी राहतात. अशा मुलखात आमचे गुरुजी भेटेल त्याच्यापुढं डावा हात करायचे. ती स्काऊटची रीत होती. उजव्या हातानं सलाम करायचा आणि हातात हात द्यायचा तो डाव्यानं. लिहिणं, जेवणं सगळं ते उजव्याच हातानं करत, तरी तालुकाभर त्यांचं नाव डावरे गुरुजी असंच पडलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बहात्तरच्या दुष्काळात, येडशीकडच्या रस्त्याच्या कामावर. आई-वडील तिथं खडी फोडत. गुरुजी शाळेतली दहा-बारा मुलं घेऊन आले आणि मजुरांना पाणी वाटू लागले. खाकी अर्धी चड्डी घातलेला चाळिशी ओलांडलेला माणूस आम्ही पाहिला नव्हता. बाया पदराआड हसत होत्या. वडिलांपाशी येऊन त्यांनी डावा हात पुढं केला. वडिलांनी हातोडी खाली ठेवली, पण हात दिला नाही.

"उजवा इटाळतो व्हय, गुरुजी?" वडील म्हणाले.

आम्ही बौद्ध. असले हात कसे लांब ठेवले जातात हे वडिलांनी आयुष्यभर पाहिलेलं. आसपासच्या हातोड्या थांबल्या. गुरुजींनी हात मागं घेतला नाही. म्हणाले, "उजवा कलेक्टरला देतो, मामलेदाराला देतो. डावा फक्त आपल्या माणसाला." वडिलांनी आपला धुळीनं पांढरा झालेला हात दिला. घरी जाताना आईला म्हणाले, "मास्तर येडा हाय, पर मानूस हाय." पुढच्या जूनमध्ये त्यांनी मला गुरुजींच्या शाळेत घातलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याची सुरुवात त्या खडीच्या ढिगापाशी झाली, असं मी मानतो.

गुरुजींच्या गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला रोज सकाळी एक गाठ मारलेली असायची. दिवसभरात कुणाचं तरी एक काम करायचं आणि मगच ती सोडायची. आम्हालाही तशीच सवय लावली. बाकीच्या वर्षी आम्ही काम शोधत हिंडायचो. म्हातारी दिसली की तिला रस्ता ओलांडायचा नसला तरी ओलांडून द्यायचो. टंचाईच्या वर्षी मात्र आडावर एक घागर ओढून दिली की गाठ सुटायची. गुरुजी म्हणायचे, "यंदा गाठ फार लवकर सुटते रे. चांगलं लक्षण नाही हे."

इतिहासाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका पुस्तिकेमुळं. शाळेत टपालानं आलेल्या त्या पुस्तिकेत स्काऊट चळवळीची माहिती होती. आपल्याकडं ही चळवळ फार उशिरा पोचली, एवढ्या एका ओळीत मराठवाडा संपवला होता. गुरुजी दिवसभर बेचैन होते. संध्याकाळी मैदानावर म्हणाले, "उशिरा कसली? आम्ही आठ जण होतो. निजामाच्या राज्यात, याच गावात. मी सगळ्यांत लहान, अकरा वर्षांचा. हे लिहायला पाहिजे. आठही जण अजून हायेत तोवर."

मग त्यांनी लिहिण्याची एक रीत ठरवली आणि त्या रीतीनंच त्यांचा घात केला. ज्याच्याकडून आठवण घ्यायची त्याच्यासमोर बसून ती लिहायची, त्याला वाचून दाखवायची, आणि खाली त्याची सही घ्यायची. सही नसेल तर ती ओळ वहीतून काढायची. "दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल लिहितोय आपण," ते म्हणायचे. "मालकाला दाखवल्याशिवाय कसं चालंल?"

सुट्टी लागली की ते एसटीनं निघायचे. आठांपैकी काही तुळजापूरला होते, काही परंड्याकडं, एक ढोकीला. मी पुढं शिकून त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा मीही बरोबर जाऊ लागलो. माणसं फार गोडीनं सांगायची. काठीवर चढणं, शिट्टीच्या खुणा, रामलिंगच्या झाडीत केलेला स्वयंपाक, करपलेली खिचडी. सांगता सांगता साठीकडं झुकलेली माणसं उठून उभी राहायची आणि तीन बोटांनी सलाम करून दाखवायची. मग त्यांना वचन आठवायचं. स्काऊट होताना मुलानं ते घ्यायचंच असतं. तेव्हा ते उर्दूत होतं आणि त्यात देवाबरोबर निजाम सरकारशी इमान राखायचं होतं. आठही जणांना ते तोंडपाठ होतं.

गुरुजी वाचून दाखवायला लागले की मात्र त्याच माणसाचा चेहरा बदलायचा. निजाम जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती. आठांतले तिघं-चौघं पुढं खरोखरच निजामाविरुद्ध लढले होते, सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिले होते. त्यांच्या भिंतीवर ताम्रपट होते. "गुरुजी, खिचडीचं राहू द्या, वचनाचं काढा," असं पहिला म्हणाला. दुसरा म्हणाला, "माझं नावच काढा. उगीच कुणीतरी शोध घेतंय."

गुरुजी समजावून सांगायचे, "अकरा-बारा वर्षांची पोरं होतो आपण. मास्तरनी सांगितलं ते म्हटलं. त्यात लाज कसली? नंतर तुम्ही लढलात, तेही लिहितो की."

"तुमचं बराबर हाय. पर लोकं निम्मंच वाचत्यात," समोरचा म्हणायचा. गुरुजी रूळ लावून नाव खोडायचे.

गावातच घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा होते, तेही त्या आठांतले. त्यांनी डोळ्याचं भिंग न काढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमारे वास्ते ये याद है, हमारे वास्ते सबूत है. नक्को." त्या दिवशी गुरुजींनी काही समजावलं नाही. परत येताना रुमालाची गाठ सोडली. मी विचारलं, "आज कुणाचं काम झालं?" म्हणाले, "एक नाव खोडलं ना."

शेवटचे राहिले चेअरमनसाहेब. आमच्या जिल्ह्यात त्या काळी सोसायट्या, दूध संघ, कारखाने इतके होते की कुठंही खडा मारला तर चेअरमनला लागला असता. म्हणून नुसतं चेअरमन म्हटल्यानं कुणी ओळखायचं नाही. पुस्तक छापून देण्याचा शब्द त्यांनी दिला होता. गुरुजींचा पाच-सहा वर्षांचा हेलपाटा त्या शब्दावर चालला होता. चहा झाला, गुरुजींनी वाचून दाखवलं. साहेबांनी पान मागून घेतलं, बोटानं ओळी चाचपल्या.

"एवढं पान काढा, गुरुजी. बाकी फोटोसकट छापू. आर्ट पेपरवर."

"तुमचं नाव काढतो. पान कसं काढू? वचनाशिवाय स्काऊट कसा झाला म्हणून लिहू?"

"मग इलेक्शननंतर बघू."

बाहेर पडल्यावर मी चिडलो होतो. "गुरुजी, सातही नावं मला पाठ आहेत. लिहून टाकू. कोण काय करतंय?" ते फाटकाशी थांबले. थकलेल्या आवाजात म्हणाले, "तुमच्या समाजाबद्दल लोकांनी इतकी वर्षं न विचारताच लिहिलं. तुला आवडलं होतं का ते?" त्यानंतर हा विषय मी काढला नाही.

शेवटी त्यांनी स्वतःची पुस्तिका शाळेच्या यंत्रावर सायक्लोस्टाईल करून काढली. स्टेन्सिल स्वतः कापली. वचनाचं पान पहिलंच. खाली लिहिलं होतं, पहिल्या संघात आठ मुलं होती. त्याखाली आठ ओळी. सात ओळी रिकाम्या आणि आठव्या ओळीवर त्यांचं स्वतःचं नाव. कारण ज्याची सही मिळाली असा त्यांना तो एकच माणूस सापडला होता.

लोक खरोखरच निम्मं वाचतात. कुणी म्हणालं, मास्तरला स्वतःचंच कौतुक. कुणी म्हणालं, एकटाच निजामाचा निघाला की. चावडीवरून जाताना पोरं मागून "सरकार आले" म्हणायची. पंधरा ऑगस्टला इतकी वर्षं सलामीची आज्ञा गुरुजी देत असत. त्या वर्षी संस्थेचे एक सदस्य आदल्या दिवशी येऊन म्हणाले, "यंदा तुम्ही दगदग करू नका." आज्ञा पीटीच्या सरांनी दिली. गुरुजी पालकांच्या गर्दीत मागं उभे होते. आज्ञा झाली तेव्हा गर्दीतून एकच हात कपाळाशी गेला. त्यांनी मला या सगळ्याबद्दल कधी काही सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "एकाचं तरी नाव आलं. अगदीच कोरं गेलं असतं तर ती टपालानं आलेली पुस्तिका खरी ठरली असती. उशिरा पोचली म्हणणारी."

निवृत्तीनंतर ते फार दिवस राहिले नाहीत. अंत्यविधीला शाळेची मुलं आली होती, वडील आले होते. वडिलांनी चितेजवळ जाऊन त्यांच्या डाव्या हाताला हात लावला आणि मागं सरले. चाचा दुकान बंद ठेवून आले आणि लांब लिंबाखाली उभे राहिले. जीपमधून चेअरमनसाहेबही आले. गुडघ्यांनी हैराण झालेले, डाव्या हातात काठी. दोन शब्द बोलायला सांगितलं तर थोर शिक्षक वगैरे बोलले.

माणसं पांगू लागली तेव्हा ते माझ्याजवळ आले. थांबले. डाव्या हातातली काठी त्यांनी उजव्या हातात घेतली. तोल जरा गेला, तो सावरला. आणि मग त्यांनी डावा हात माझ्यापुढं केला. करंगळी बाजूला ठेवून, गुरुजी आम्हाला शिकवायचे तसा. मी माझा डावा हात दिला. बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही. आसपासच्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला आधार हवाय.

मी हळूच विचारलं, "साहेब, आता लिहू का नाव?"

त्यांनी चितेकडं पाहिलं. मग मान हलवली. "नको. पोरगा उभा राहतोय औंदा."

गुरुजींच्या पुस्तिकेची एक प्रत माझ्याकडं आहे. कागद पिवळा पडलाय, शाई उडत चाललीय. आता ते आठही जण नाहीत. चाचांच्या नातवानं मध्यंतरी येऊन विचारलं, "सर, त्यात आमच्या आजोबांचं नाव होतं म्हणतात, खरं का?" मी त्याला चहा पाजला आणि प्रत दाखवली. नावं मला अजून पाठ आहेत, पेनही खिशात असतं. पण वाचून दाखवायला समोर कुणी उरलं नाही, म्हणून त्या सात ओळी मी तशाच ठेवल्या आहेत.