भिंतीवरची वैनगंगा

आमचे भंडाऱ्याचे शेजारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच येतं. लग्नाला येता का? "ते परिस्थितीवर आहे." भाजीत मीठ बरोबर आहे का? तेही परिस्थितीवर.

दर रविवारी ते वैनगंगेचं पाणी आणतात आणि बाटल्यांत भरून आमच्या मधल्या भिंतीवर मांडतात. त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी चिकटवलेली: 'परिस्थिती: पाणी संथ', 'परिस्थिती: धार जोरात'. संथ पाण्यात जीव जास्त, हे सांगताना ते घरी नातू झाल्यासारखे खुलतात. सकाळी चहाच्या आधी लुंगी सावरत, भिंग लावून एकेका बाटलीची विचारपूस चालते.

आमच्या भागात लोक कुत्री येऊ नयेत म्हणून फाटकापाशी निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात. आईला वाटलं, सरांच्याही त्याच, फक्त रंग घालायचा राहिला. परवा तिनं शेजारधर्म म्हणून एका बाटलीत नीळ टाकली.

सकाळी सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मी भांडणाच्या तयारीनं बाहेर आलो.

"सगळे मेले," ते म्हणाले. "कोनं टाकली नीळ?"

"मीच," आई म्हणाली. "साध्या पाण्याले कुत्रे भेत नाही, सर. तुमच्या भल्यासाठीच टाकली."

"नदीतही लोकं भल्यासाठीच टाकतेत, काकू," एवढं बोलून ते आत गेले.

संध्याकाळी ती निळी बाटली पुन्हा भिंतीवर होती. तिला नवी चिठ्ठी होती: 'परिस्थिती: काकू'.

आई आता आल्यागेल्याला ती बाटली दाखवते आणि म्हणते, "एवढा शिकलेला माणूस, पण उपकार नाही विसरला."