पुलीवरची रेघ

अंबडच्या बसस्टँडामागचा मिस्तरी कुणाला तोंडावर खोटं पाडत न्हाई. बोलतो तेबी इंजिनात मान घालून. गिऱ्हाइकाला त्याची पाठच दिसते.

माझ्या छोट्या मोटारगाडीनं दोन महिन्यांत इंजिनाचे दोन पट्टे खाल्ले, म्हणून तिसरा मी स्वतःच विकत घेऊन गेल्तो. मिस्तरी म्हणाला, "काका, पट्टा फिरवणारी पुली पाहू का एकदा?"

"पुलीला काय धाड भरली? विहिरीवरचं इंजिन तीस वर्षं चालवलं म्या. पट्टे लई गेले, पुली एकबी गेली न्हाई." शेजारी चहा पिणारे चौघं ऐकत होते, म्हणून मी जरा मोठ्यानंच बोललो.

त्यानं वाद घातला न्हाई. पुलीवर मधापासून कडेपर्यंत खडूनं सरळ रेघ ओढली, इंजिन चालू केलं आणि बंद केलं. रेघेचे दोन तुकडे झाले होते, एक इकडं, एक तिकडं.

"तुमची विहिरीवरची पुली अख्खी ओतीव बिडाच्या लोखंडाची होती, काका. हिच्या मधात रबर ऱ्हातंय. ते सुटलं, की कड नुसतीच घसरती अन् पट्टा फुकट मरतो."

चौघं हसले. माझे कान तापले. नवी पुली बसवल्यावर त्यानं खडू माझ्या हातात दिला. "आता तुम्ही ओढा." मी ओढली. इंजिन फिरून थांबलं तरी रेघ सरळच. एवढा मान राखून माझी चूक मला कुणी दाखवली न्हवती.

"मंग काका?" चौघांतला एक म्हणाला.

मिस्तरीच बॉनेटाखालून बोलला, "जुना पट्टा फाटलाय. काकानं आणलेलाच टाकलाय."

"ऐका," मी म्हणालो. "पट्टा गेलाय, हे मी सकाळपासून सांगून राह्यलो."